वादळाचं तेरावं

आमच्या ऑफिसात वादळाचं तेरावं घालायची पद्धत होती. माणसाचं घालतात तसंच. वादळ किनाऱ्यावर येऊन फुटलं किंवा समुद्रातच विरून गेलं, की त्या दिवसापासून मोजायला लागायचं. तेराव्या दुपारी दादरच्या मार्केटातून केळीची पानं यायची, काळाचौकीहून टॅक्सीत पातेली यायची आणि लोअर परळच्या आमच्या जुन्या गिरणीच्या आवारात वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटायचा. मालवणी घरात पितरांच्या जेवणाला जे जे करतात, ते सगळं. शेजारच्या जाहिरात कंपनीतली माणसं नाकाने माग काढत दारापर्यंत यायची आणि विचारायची, "कोण गेलं?"

"वादळ गेलं," बाई सांगायच्या. "या, बसा. पण जेवण्याआधी कोण किती चुकलं ते ऐकावं लागेल."

बाई म्हणजे आमच्या पडताळणी विभागाच्या प्रमुख. आमची कंपनी छोटीशी, खासगी. बंदरांना, जहाजवाल्यांना, मच्छीमारांच्या सोसायट्यांना हवामानाचा अंदाज पुरवायची. चक्रीवादळ उठलं की जगभरातली कॉम्प्युटर मॉडेलं ते कुठे जाईल, कधी पोहोचेल, किती जोर धरेल हे सांगायला लागतात, आणि प्रत्येक मॉडेल वेगळं सांगतं. वादळ होऊन गेल्यावर यातलं कोण किती खरं ठरलं हे मोजणं, हे बाईंचं काम. ऑफिसात बाकी सगळे भविष्य सांगायचे. बाई एकट्या मागे वळून बघायच्या.

आणि हे काम त्या फार तोऱ्यात करायच्या. नम्रपणा बाईंना ठाऊकच नव्हता. पीएचडी झालेल्या, चार देश फिरलेल्या, उंच, आवाज असा की खालच्या मजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहावा. "चुकांबद्दल माझ्याइतकं कळणारं माणूस या शहरात दुसरं नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून परदेशी पाहुण्यांसमोरही ऐकलेलं आहे.

मॉडेलांना त्यांनी नात्यातली नावं दिली होती. युरोपचं मॉडेल ती थोरली जाऊ: घरात तिचाच शब्द, आणि बहुतेक वेळा बरोबर. अमेरिकेचं ते धाकटा दीर: उत्साह फार, आठ दिवस आधीपासून बोलायला सुरुवात करतो. अलीकडे आलेली, जुने नकाशे वाचून वाचून शिकलेली एआय मॉडेलं म्हणजे नव्या सुना. "हुशार आहेत हो, पण अजून त्यांच्या हातचं वाईट दिवशी खाल्लेलं नाही मी." आणि आमच्या कंपनीचं स्वतःचं मॉडेल, जे मी बांधलं होतं, ते घरजावई.

मला ते लागायचं. हसायचो, पण लागायचं.

बाईंना पडताळणीचा नाद ऑफिसपुरता नव्हता. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत कुणी म्हणालं की यंदा पोरीचं लग्न जमणार, तर बाई दारातून विचारायच्या, "किती टक्के?" शेजारच्या काकू कुणाला मुलगा होणार, कुणाला मुलगी, हे पोट बघून सांगायच्या. बाईंनी त्यांचे सगळे अंदाज लक्षात ठेवून एक दिवस निकाल जाहीर केला: "काकू, तुम्ही नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं." काकूंनी बरेच दिवस अबोला धरला. पुढे सुनेला दिवस गेले तेव्हा काकू स्वतःच येऊन म्हणाल्या, "ह्या वेळी साठ टक्के मुलगी." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी काकूंना साडी घेतली. बरोबर आलं म्हणून नव्हे. टक्के सांगितले म्हणून.

नुसतं "चुकलं" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मी नवा असताना एकदा म्हणालो, "बाई, धाकट्या दिराचं साफ चुकलं या वेळी."

"किती? आणि कसं?"

"म्हणजे, बरंच."

"मेल्या, पाहुणा उशिरा आला आणि पाहुणा दुसऱ्याच्याच घरी गेला, या दोन चुका सारख्या का? वादळ त्याच वाटेने आलं पण सांगितल्यापेक्षा सावकाश आलं, तर त्याला मी रागावेन, पण घरात घेईन. जो वाटच सोडून रत्नागिरीऐवजी ओमानला गेला, त्याचं काय करू?"

तेव्हापासून मी चुका अशा मोजायला शिकलो: उशीर वेगळा, वाट वेगळी. माझ्या हातात जी काही विद्या आहे ती त्या एका दुपारची आहे.

तेराव्यामागेही त्यांचा विचार होता. वादळ गेल्या गेल्या त्याची खरी वाट नक्की नसते. जहाजांच्या नोंदी मागून येतात, उपग्रहाची चित्रं पुन्हा नीट बघावी लागतात. तोवर कुणी मॉडेलची स्तुती करायची नाही, निंदाही करायची नाही. "सुतकात हिशेब नको," असं म्हणायच्या. तेराव्या दिवशी लांब टेबलावर केळीची पानं ओळीने मांडायच्या. प्रत्येक मॉडेलला एक पान, वर नावाची चिठ्ठी. जितकं अचूक, तितके जास्त वडे. खिडकीच्या कठड्यावर एक पान वादळाचं, कावळ्यासाठी. गिरणीच्या आवारातले कावळे इतके सरावले होते की पातेल्याचं झाकण निघायच्या आत हजर. मग निकाल वाचून झाला की आम्ही माणसं जमिनीवर पंगतीला बसायचो आणि मॉडेलांच्या वाट्याचे वडे खायचो.

त्यांचा एकच नियम होता, आणि त्या नियमावरूनच पुढचं सगळं घडलं. पंगत एक. सगळ्यांनी एकाच पंगतीला बसायचं. एखाद्या मॉडेलला एखादं वादळ दिसलंच नाही, तर त्याचं पान उचलायचं नाही. रिकामं पान तसंच ठेवायचं, सगळ्यांना दिसेल असं.

आता माझं सांगतो. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि या बाबतीत तर कधीच बोललो नाही.

घरजावयाला, म्हणजे माझ्या मॉडेलला, एक खोड होती. अरबी समुद्रात कधी कधी अगदी लहान वादळ तयार होतं, आटोपशीर, नकाशावर अंगठ्याखाली झाकलं जाईल एवढं. अशी वादळं माझ्या मॉडेलला धरताच यायची नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या नकाशात त्याच्याकडे वादळच नसायचं. आणि वादळच नाही, तर ते कुठे असेल हा अंदाज नाही. अंदाज नाही, तर चूक किती हा आकडा नाही. वार्षिक अहवालासाठी सरासरी काढणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो रिकामी जागा दिसली की पुढे जायचा. परिणाम असा, की जिथे जिथे माझं मॉडेल गप्प बसलं ती वादळं त्याच्या हिशेबातून गळून गेली. बाकीची मॉडेलं तीच अवघड वादळं अंगावर घेऊन मार खात होती. वार्षिक अहवालात घरजावई पहिला आला.

पहिल्या वर्षी ही चूक होती. मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो तक्ता मोठा करून रिसेप्शनला लावला होता. जगात पहिले, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मला केबिन मिळाली होती. मी प्रोग्राम तसाच ठेवला.

बाईंनी तो तक्ता पाहिला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय रे, अवघड पेपराला जो पोरगा गैरहजर राहतो त्याची सरासरी चांगलीच येणार ना?"

मी तक्त्याकडे बघत राहिलो. साहेब बोलले. म्हणाले, बाई जुन्या पद्धतीच्या आहेत, नव्या लोकांना पुढे येऊ देत नाहीत. त्या वर्षीच्या अहवालावर बाईंनी सही केली नाही. महिन्याभरात त्यांच्याकडून पडताळणी काढून घेऊन त्यांना "प्रशिक्षण" दिलं, म्हणजे मागच्या जिन्याखालची खोली दिली. पडताळणी माझ्याकडे आली. साहेबांच्या केबिनमध्ये हे ठरलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो, आणि एक वाक्य बोललो असतो तर ते ठरलं नसतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. जिन्याखालच्या भिंतीवर त्यांनी अरबी समुद्राचा नकाशा चिकटवला आणि तेरावं तिथे घालायला लागल्या. ऑफिसातले निम्मे लोक गुपचूप जेवायला जायचे. मी जायचो नाही. तेराव्याच्या दुपारी मला नेमकं बाहेर काम निघायचं.

असं बराच काळ चाललं. मग ती मे महिन्याची अखेर आली.

मासेमारी बंद व्हायला थोडेच दिवस उरलेले. शेवटची फेरी म्हणून सगळ्या बोटी लांब गेल्या होत्या. अरबी समुद्रात खाली एक कमी दाबाचा पट्टा होता. सरकारी खात्याने त्यावर लक्ष ठेवून असल्याचं सांगितलंच होतं. पण पक्का इशारा यायला अजून वेळ होता, आणि लांब गेलेल्या बोटीला परतायलाच दोन दिवस लागतात. वरळी कोळीवाड्याच्या सोसायटीचे चेअरमन आमचं बुलेटिन घ्यायचे. सगळे त्यांना नाखवा म्हणायचे. ते सकाळीच ऑफिसात येऊन बसले.

"येवढंच सांगा साहेब," ते मला म्हणाले. "बोटी माघारी बोलवू का नको? शेवटची फेरी हाय. उगाच बोलावल्या तर पोरं माझ्या नावाने शिव्या घालतील. आनि नाय बोलावल्या नि काय झालं, तर..." त्यांचे दोन मुलगे त्याच बोटींवर होते.

मी नकाशे उघडले. थोरली जाऊ एक लहानसं वादळ दाखवत होती, कोकण किनाऱ्याला घासून वर जाणारं. धाकटा दीर तेच म्हणत होता, फक्त थोडं आधी. नव्या सुनांपैकी एक हो म्हणत होती, एक काठावर. घरजावयाकडे काहीच नव्हतं. स्वच्छ समुद्र.

साहेब मागे उभे होते. "आपलं मॉडेल काय म्हणतं? पहिल्या नंबरचं आहे ना ते? मग तेच लिही. समुद्र शांत."

मी "आलोच" म्हणून उठलो आणि जिन्याखाली गेलो. कितीतरी दिवसांनी.

बाई चणे खात होत्या. मी दारात उभा राहिल्यावर त्यांनी वर बघितलं आणि एकदम कामाचंच विचारलं. "घरजावई काय म्हणतोय?"

"काही नाही."

"वादळ नाही असं म्हणतोय, की काही म्हणतच नाही?"

"म्हणतच नाही, बाई."

"हं. मग मला एवढं सांग. आत्तापर्यंत लहान वादळांच्या वेळी, थोरली नि धाकटा दोघं हो म्हणत असताना, हा किती वेळा असा गप्प बसला? आणि त्यातली किती वादळं खरंच आली?"

हा आकडा माझ्याकडे नव्हताच. नेमकी तीच पानं मी पंगतीतून उचलली होती. आज बोटी बोलवायच्या की नाही, हे ज्या वादळांवरून कळलं असतं, तीच सगळी मी हिशेबातून गाळली होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. आणि दारातून आत येत, "मीच गाळली ती. मला ठाऊक होतं."

"मलापण ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "आता बस आणि परत घाल. नाखवा वर थांबलाय."

त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि मागे उभ्या राहून चणे खात राहिल्या. मी प्रोग्राममधली ती एक ओळ काढली, रिकाम्या जागा ओलांडणारी. प्रत्येक गप्प बसण्याला चूक धरली. सगळी वादळं पुन्हा चालवली. पडद्यावर घरजावई पहिल्या नंबरवरून घसरत घसरत तळाला गेला. मी बांधलेलं मॉडेल. आणि त्याच्या शेजारीच बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आलं. घरजावई गप्प आणि ती दोघं हो म्हणतायत, अशा वेळी वादळ बहुतेकदा आलेलं होतं. किनाऱ्यापर्यंत.

"टक्के?" बाई म्हणाल्या.

"ऐंशीच्या वर."

"मग नाखव्याला ऐंशी सांग. 'येणार' असं सांगू नकोस. ऐंशी सांग."

मी बुलेटिन लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण इतकं खरं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं: "आमच्या मॉडेलला हे वादळ दिसत नाही. अशी लहान वादळं आमच्या मॉडेलला पूर्वीही दिसलेली नाहीत, म्हणून त्याच्या न दिसण्यावर विसंबू नये." खाली ऐंशी टक्के आणि बोटी परत बोलवण्याचा सल्ला. वर जाऊन नाखव्यांना वाचून दाखवलं.

साहेब लाल झाले. "आपल्याच मालाला नावं ठेवतोस? गिऱ्हाइकासमोर?"

"साहेब," नाखवा उठत म्हणाले, "बाजारात आजवर एकबी कोळीण मला बोललेली नाय, की माझी कोलंबी शिळी हाय म्हणून. आज पयल्यांदा कोन तरी बोललं. मी बोटी बोलवतो." आणि जिना उतरता उतरता त्यांनी वायरलेसवाल्याला फोन लावला.

पुढच्या दिवसांत बोटी एकेक करून आल्या. काही जण खरंच शिव्या घालत आले. आभाळ निळंशार होतं, आणि वरळीच्या धक्क्यावर नाखव्यांना पोरं टोमणे मारत होती: "काय नाखवा, वादळ कुटं राहिलं? दादरला ट्रॅफिकमधी अडकलं काय?" मी तिथे रोज जाऊन उभा राहत होतो. ऐंशी म्हणजे वीस उरतात, हे मला त्या दिवसांत जितकं कळलं तितकं कुठल्याच पुस्तकात कळलं नव्हतं. बाई मात्र निवांत होत्या. "नाही आलं तरी ऐंशी चूक ठरत नाही रे. पण येईल. उशीर करतंय."

ते आलं. सरकारी इशारा त्याच्या पुढे पुढे चालत आला, लाटा धक्क्यावरून आत आल्या, दोन माड आडवे झाले. वादळ सांगितल्यापेक्षा सावकाश, पण सांगितलेल्याच वाटेने किनारा घासून वर निघून गेलं. सोसायटीची प्रत्येक बोट आत बांधलेली होती. प्रत्येक माणूस घरी होता. नाखव्यांनी मला फोन केला. मागे त्यांच्या मुलांचा दंगा ऐकू येत होता, तो त्यांनी मला ऐकू दिला.

त्या वादळाचं तेरावं जिन्याखाली मावण्यासारखं नव्हतं. बाईंनी कुणालाही न विचारता ते वर, मोठ्या हॉलमध्ये, रिसेप्शनच्या त्या तक्त्याखाली मांडलं. साहेब केबिनच्या दारात उभे. तेवढ्यात खालून एकदम आवाज फुटला. ढोल, ताशा, आणि वर बेंजो. नाखवा लालबागचा बेंजो घेऊन आले होते. मागे सगळा कोळीवाडा, बायकांच्या वेण्यांत अबोली, हातात पापलेटाच्या टोपल्या.

बाई जिन्यावर आडव्या उभ्या राहिल्या. "नाखवा, तेराव्याला बेंजो?"

"बाई, आमच्या घरचं कोन मेलंच नाय. मंग वाजवायचं नाय काय?"

बाई जिन्यातून बाजूला झाल्या. "वाजवा," त्या म्हणाल्या. "पण पापलेट उद्या. आज ताटात मासा नाही."

निकाल मी वाचला. वाचायला बाईंनीच सांगितलं. आधी या वादळाचा, आणि मग मी न सांगता मागच्या सगळ्या वर्षांचा, एका पंगतीने मोजलेला. आमचं मॉडेल तळाला, हे सांगितलं. आजवर पहिलं कसं येत होतं, तेही सांगितलं. कुणी केलं, तेही. बेंजोवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं होतं. टेबलावर घरजावयाचं पान सगळ्यांसमोर रिकामं होतं.

साहेब पुढे आले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी कोळीवाड्याकडे बघितलं, नाखव्यांच्या दोन पोरांकडे बघितलं, खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि भिंतीवरचा तो तक्ता स्वतःच्या हाताने उतरवला. मग बाईंना म्हणाले, "याच्या जागी काय लावायचं ते तुम्ही सांगा." बाई म्हणाल्या, "नवीन. दर तेराव्याला. तळाला असलो तरी." पडताळणी त्याच दिवशी त्यांच्याकडे परत गेली. जिन्याखालचा नकाशा पोरांनी मिरवत वर आणला. आणि पुढच्या मोसमात, आपण कुठे आंधळे आहोत हे कळल्यामुळेच, माझ्या मॉडेलने पहिलं लहान वादळ धरलं. बाईंनी घरजावयाच्या पानावर एक वडा वाढला. एकच. पण त्याचा मी फोटो काढून ठेवला आहे.

त्या दिवशी मात्र निकाल संपल्यावर माणसांची पंगत बसली तेव्हा मी दाराशीच रेंगाळत होतो. नाखवा बसता बसता थबकले. त्यांच्या शेजारचं एक पान मांडलेलं होतं, पाणी ठेवलेलं होतं, पण तिथे कुणी बसत नव्हतं. ऑफिसातली माणसं सवयीने ते ओलांडून पुढे बसत होती.

"बाई, ह्यो पान कोनाचा?"

"उठून गेलेल्याचा," बाई पातेलं कमरेवर घेत म्हणाल्या. "दर तेराव्याला मांडते. पान उचलायचं नसतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चपला काढल्या आणि जाऊन बसलो. मान वर करायचा धीर होत नव्हता. बाई वाढत वाढत माझ्यापाशी आल्या, थांबल्या, आणि त्या हॉलभर घुमणाऱ्या आवाजात निकाल दिला.

"उशीर केलास, मेल्या. पण वाट नाही चुकलास."

आणि माझ्या पानावर वडे वाढायला लागल्या. मी पुरे म्हणेपर्यंत त्या थांबणार नव्हत्या, आणि मी पुरे म्हणालोच नाही.